काशीरामच्या कॅनमधली थंडी

पाच ग्रॅम पांढरी पूड रजिस्टर पोस्टाने आली तेव्हा १९८७ चा सप्टेंबर संपत आला होता. पोस्टमनने पाकीट कानाशी हलवून विचारलं, "औषध आहे का हो, बाई?"

"तसंच समजा," मालिनी खेर म्हणाल्या आणि सही करून त्यांनी ते आत नेलं.

मालिनीबाई रत्नागिरीत कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. वय एक्केचाळीस. सतरा वर्षं तोच लंबक, तीच प्रिझमं, आणि दर जूनला नवे चेहरे. एम.एस्सी. मुंबईत झालं होतं आणि तेव्हा पुढे संशोधन करायचं डोक्यात होतं. मग वकील चारुदत्त खेरांशी लग्न झालं, दोन मुली झाल्या, आणि संशोधनाचा विषय निघेनासा झाला. त्या त्याबद्दल कुढत बसल्या नाहीत. शिकवणं त्यांना मनापासून आवडायचं. पण वाचनालयात विज्ञानाचं मासिक आलं की त्याचं पाकीट फोडायचा मान आपलाच, असं त्यांनी ग्रंथपालांना सांगून ठेवलं होतं.

त्या वर्षी त्या मासिकांत एकाच गोष्टीची धामधूम होती. तारेतून वीज जाते तेव्हा तार तिला अडवते, आणि त्या अडवण्यात थोडी वीज उष्णता होऊन फुकट जाते. काही धातू भयंकर थंड केले तर ही अडवणूक पार नाहीशी होते. त्यांना म्हणायचं अतिवाहक. हे सत्तरपंचाहत्तर वर्षं माहीत होतं, पण त्याला इतकी थंडी लागायची की द्रवरूप हेलियमशिवाय भागत नसे, आणि हेलियम म्हणजे चार मोठ्या प्रयोगशाळांची चैन. आता एक काळी चिनीमाती सापडली होती. खरं तर माती नव्हेच; इट्रियम, बेरियम आणि तांबं यांची ऑक्साइडं एकत्र भाजून केलेला पदार्थ, पण भाजायचा मडक्यासारखा आणि फुटायचाही मडक्यासारखा. पेरोव्हस्काइट नावाच्या एका खनिजात अणूंचे चौकोन जसे एकावर एक रचलेले असतात, तशीच त्याची रचना. आणि हा पदार्थ उणे एकशे ऐंशी अंशांवरच अतिवाहक होत होता. एवढ्या थंडीला हेलियम लागत नाही. द्रवरूप नायट्रोजन पुरतो.

मुंबईच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वर्गमैत्रिणीला मालिनीबाईंनी याबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. उत्तरात पूड आली. "हे इट्रियम," पत्रात होतं. "बाकीची दोन रसायनं तुमच्या केमिस्ट्रीच्या कपाटात असणारच. तापमान सांभाळलंस तर तुझ्या कॉलेजातही होईल. तांदळाच्या दाण्याएवढं एक चुंबक पाठवतेय, ते हरवू नकोस. पुडीत दोनदा करण्याइतका माल आहे. तिसऱ्यांदा मागू नकोस!"

पहिल्यांदा केलेलं वाया गेलं.

दिवाळीची सुटी लागल्या लागल्या मालिनीबाईंनी निम्मी पूड वापरली. काटेकोर वजन करून तिन्ही रसायनं खलात घातली आणि दोन तास घोटली. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतली विजेची भट्टी त्यांनी मागून घेतली होती. काटा नऊशे तीसवर लावला आणि दिवसभर शेजारी बसून पेपर तपासले. दुसऱ्या दिवशी भट्टी उघडली तर मुशीच्या तळाला हिरवट, काचेसारखं काहीतरी चिकटून बसलं होतं. काळं म्हणून नावाला कडेने.

रसायनशास्त्राचे परिचर विठू रहाटे मागे हात बांधून उभे होते. पन्नाशीचे, जुने. त्यांनी मुशीत डोकावून पाहिलं.

"जास्त तापलं, बाई."

"काटा नऊशे तीसच होता, विठूभाऊ. मी हलले नाही इथून."

"काटा तेवढाच दाखवतो ओ. पण ही भट्टी दाखवते त्याच्याहून जास्त तापते. पाच-सहा वर्षं झाली."

"मग काल का नाही सांगितलंत?"

"तुम्ही इचारलात कुठं?" विठू शांतपणे म्हणाले. "मला वाटला, तुमाला हिरवाच पायजे."

मालिनीबाईंना आधी राग आला आणि मग इतकं हसू आलं की त्या स्टुलावर बसल्या. विठूही मिशीत हसले. चहा आला. चहा पिताना मालिनीबाईंना सुचलं. शुद्ध चांदी नऊशे साठ अंशांच्या आसपास वितळते. काटा खोटं बोलत असला तरी चांदी बोलणार नाही. राम आळीतल्या सोनाराकडे जाऊन त्यांनी वीतभर तार मागितली. "दागिन्याची नको, त्यात तांबं असतं. अगदी शुद्ध द्या." सोनाराने काही न विचारता दिली. तारेचा तुकडा मुशीत ठेवून त्यांनी भट्टी हळूहळू चढवली आणि दर थोड्या वेळाने दाराच्या भोकातून पाहत राहिल्या. काटा आठशे ऐंशीवर असताना तार वाकली आणि तिचा चकचकीत थेंब झाला. म्हणजे भट्टी ऐंशी अंश लपवत होती. हिशेब लागला.

उरलेली निम्मी पूड त्यांनी काटा आठशे पन्नासवर ठेवून भाजली, काढली, पुन्हा घोटली, पुन्हा भाजली. तीनदा. तिसऱ्यांदा पूड कोळशासारखी काळी निघाली. मिरकरवाडा बंदरावर मासेमारी ट्रॉलरचे दांडे कातून देणाऱ्या कारखान्यातून त्यांनी पोलादाचा एक छोटा साचा करून आणला होता. त्यात पूड भरून, वर्कशॉपमधल्या वाईसमध्ये आवळून, रुपयाच्या नाण्याएवढी वडी पाडली, आणि ती शेवटची भाजून अतिशय सावकाश निवू दिली. निवताना हवेतला ऑक्सिजन ती आत ओढून घेते. घाई केली तर ओढायला वेळ मिळत नाही आणि मग ती नुसती काळी वडी राहते.

ती नुसती काळी वडी आहे की अतिवाहक, हे आता थंड केल्याशिवाय कळणार नव्हतं. त्यासाठी नायट्रोजन हवा होता, आणि अख्ख्या जिल्ह्यात तो कुठे मिळेल हे मालिनीबाईंना ठाऊक नव्हतं. त्यांनी जेवताना नवऱ्याला विचारलं.

चारुदत्त आमटीचा भुरका घेऊन म्हणाले, "गुरांच्या दवाखान्यात बघ. माझा एक पक्षकार सांगत होता, संकरित गायींसाठी बैलाचं बी तिथे कुठल्याशा वाफाळत्या पाण्यात ठेवतात. हात घातला तर बोट तुटेल इतकं गार म्हणे."

मालिनीबाईंचा घास हातातच राहिला.

गुरांच्या दवाखान्यात काशीराम मांडवकर होता. पशुधन पर्यवेक्षक. चाळिशीला आलेला, सडसडीत, संगमेश्वराकडच्या एका वाडीतला. भाऊ मुंबईला, हा इथे. खेड्यापाड्यांत त्याला 'इंजेक्शनवाला' म्हणत, आणि काही जण त्यावर दात काढत. गाय माजावर आली की निरोप यायचा, मग काशीराम मोठ्या टाकीतून बीजाच्या नळ्या छोट्या कॅनमध्ये घालून जुन्या राजदूत मोटारसायकलवरून निघायचा. आठ वर्षं तो हेच करत होता.

मालिनीबाईंनी आपलं काम सांगितलं. काशीरामने एक लाकडी पट्टी घेतली, टाकीचं बूच काढून ती आत बुडवली, क्षणभर थांबून बाहेर काढली आणि हवेत हलवली. पट्टीच्या खालच्या टोकाला पांढरा बर्फ धरला.

"बघा मॅडम. चार बोटं. एवढंच उरलंय. नायट्रोजनची गाडी सोमवारी येणार. याच्या खाली गेलं तर आतल्या सगळ्या नळ्या मरतात."

"मला दोन कप पुरेल."

"दोन कप म्हणजे अर्धं बोट." तो ओशाळला, पण हलला नाही. "सरकारी माल आहे म्हणून नाही म्हणत मी. तीन गायी माजावर येण्याच्या बेतात आहेत. गेल्या खेपेला माज हुकला तर एक बाई माझ्या दारात येऊन बसली होती. तुमचं काय अडणार आहे का सोमवारपर्यंत?"

मालिनीबाईंचं काही अडणार नव्हतं. सतरा वर्षं थांबल्यावर चार दिवस काय. उलट नकार देतानाचं त्याचं कारण त्यांना पटलं. त्या म्हणाल्या, "नाही अडणार. सोमवारनंतर येते." आणि मग न राहवून विचारलं, "बर्फाच्या रेघेवरून मोजायची ही युक्ती कोणी शिकवली?"

"ट्रेनिंगात. पण तिथे म्हणाले पंधरा सेकंद धरा. मी म्हणतो, पट्टी भुईमुगासारखी तडतडायची थांबली की काढायची." काशीरामने टाकीवर हात ठेवला. "कान लावला तरी कळतं हिच्यात किती आहे."

बुधवारी दुपारी मालिनीबाई पर्समध्ये वडी आणि चुंबक घेऊन गेल्या तेव्हा टाकी भरली होती आणि दवाखान्याच्या डॉक्टरसाहेबांची तोंडी परवानगीही मिळाली होती. पण काशीराम राजदूतला किक मारत होता.

"खेडशीच्या पुढे जायचंय. जनीची गाय. निरोप सकाळी आला, आता नाही गेलो तर संध्याकाळपर्यंत माज उतरेल." तो थांबला. छोट्या कॅनकडे पाहिलं, मालिनीबाईंकडे पाहिलं. "यात मी काठोकाठ भरलंय. काम झाल्यावर यातलं निम्मं तरी उरेल. परत येईपर्यंत ते तसंही उडून जातं. तुम्ही आलात तर तिथेच बघता येईल."

कॉलेजातल्या बाई राजदूतच्या मागे बसून, मांडीवर वाफा सोडणारा ॲल्युमिनियमचा कॅन धरून नाचणे गावाच्या रस्त्याने निघाल्याचं रत्नागिरीत निदान पन्नास लोकांनी पाहिलं. त्यांतल्या सहा जणांनी संध्याकाळच्या आत ते चारुदत्तना सांगितलं. चारुदत्त प्रत्येकाला म्हणाले, "हो, प्रयोग आहे," आणि त्यांचं ते उत्तर ऐकून लोकांची निराशा झाली.

काशीराम वाटेत ओरडून सांगत होता, "बूच घट्ट दाबू नका हां! आत वाफ कोंडली तर उडेल!"

"मला माहितीय!" मालिनीबाईही ओरडल्या. मग लक्षात आलं की माहीत होतं ते पुस्तकातून. असा कॅन त्यांनी आजवर हातात धरलाच नव्हता.

जनीचं घर कातळाच्या उतारावर होतं. चिऱ्याच्या भिंती, पुढे शेणाने सारवलेली पडवी, बाजूला गोठा. नवरा मुंबईत गोदीत कामाला. घर, भातशेतीचे दोन कुणगे आणि गाय जनीकडे. तिने गरम पाणी तयार ठेवलं होतं. काशीरामने नळी पाण्यात ऊन केली आणि दहा मिनिटांत त्याचं काम उरकलं. मालिनीबाई तोवर पडवीत बसून होत्या. हात धुऊन तो आला आणि कॅन त्यांच्यापुढे ठेवला.

"घ्या मॅडम. तुमची पाळी."

तेव्हा मालिनीबाईंच्या लक्षात आलं की बरोबर आणलेला थर्मोकोलचा कप दवाखान्याच्या कट्ट्यावर राहिला. बशीत ओतलं तर बशी तडकणार. पितळेच्या वाटीत ओतलं तर सगळं उकळून जाणार.

"जने, करवंटी हाय का?" काशीरामने विचारलं.

"ढीगभर हायत," म्हणत जनीने चुलीपाशी ठेवलेल्यांतली एक चांगली खोलगट करवंटी आणली. मालिनीबाईंनी तिच्यात काळी वडी ठेवली आणि काशीरामने कॅन कलता केला. त्याचा हात जराही हलला नाही. धुरासारखी पांढरी वाफ करवंटीच्या कडेवरून सांडून पडवीभर सरपटत गेली. जनी दोन पावलं मागे सरली.

"वास नाय," ती म्हणाली.

"हवाच आहे ती. आपण घेतो तीच, फक्त थंडीने पातळ झालेली," काशीराम म्हणाला. करवंटीत नायट्रोजन तापलेल्या तेलासारखा चर्र करत उकळत होता. "आता थांबा. खवळणं बंद झालं की समजायचं आतलं सगळं त्याच्याइतकं गार झालं."

मालिनीबाई थांबल्या. खवळणं बंद झालं. त्यांनी दोन बोटांत चुंबक धरून वडीच्या बरोबर वर नेलं. बोटांना काहीतरी जाणवलं. खालून कोणीतरी हलकेच वर लोटत होतं, गादीवर हात ठेवावा तसं. त्यांनी बोटं सोडली.

चुंबक पडलं नाही. वडीच्या वर, दोन तांदूळ एकावर एक आडवे मावतील इतक्या अंतरावर, हवेत थांबलं. जरासं डोललं आणि स्थिर झालं.

गोठ्यात गाय शेपूट आपटत होती तेवढाच आवाज. मालिनीबाईंना आपण श्वास रोखून धरलाय हे कळलं आणि त्यांनी तो सोडला. त्या फुंकरीने चुंबक स्वतःभोवती गरगर फिरायला लागलं. फिरतच राहिलं.

"दोऱ्यानं बांधलाव?" जनीने विचारलं.

काशीरामने छपराच्या झावळीच्या पात्यातला काडीसारखा हीर ओढून काढला आणि चुंबकाच्या खालून, वडीच्या वरून, या बाजूने त्या बाजूला नेला. हीर कशालाही न अडकता पार गेला. त्याने तो तीनदा नेला. मग उकिडवा बसून राहिला.

"आठ वर्षं," तो म्हणाला. "आठ वर्षं हा कॅन घेऊन फिरतोय मी."

"ऐका काशीरामभाऊ." मालिनीबाईंनी त्याला पहिल्यांदाच नावाने हाक मारली होती. "जगभर एवढा गवगवा कशाचा चाललाय सांगू? अशी वस्तू असते हे आधीही माहीत होतं. पण तिला लागणारी थंडी कोणाकडे नव्हती. आता जी सापडलीय ती या थंडीत चालते. तुमच्या कॅनमधल्या. बातमी एवढीच आहे."

काशीरामने कॅनचं बूच उचलून पदराने पुसावं तसं ते रुमालाने पुसलं.

जनी आता जवळ येऊन बसली होती. तिने विचारलं, "बाय, पन ह्याचा उपेग काय?"

मालिनीबाईंनी सांगितलं. अशा वड्यांच्या रुळावरून गाडी तरंगत जाऊ शकेल, चाकं घासणार नाहीत. अशी तार झाली तर धरणापासून गावापर्यंत वीज एक थेंब न सांडता येईल. दवाखान्यात माणसाला न कापता आतलं दाखवणारी यंत्रं असतात, त्यांतली मोठी चुंबकं स्वस्त होतील.

"म्हंजे आमच्या वाडीत दिवा मिणमिणतो, तो नीट पेटंल?"

वर्गात मालिनीबाईंनी सरळ 'हो' म्हटलं असतं. "मला नाही वाटत इतक्यात," त्या म्हणाल्या. "हे फुटतं. याची तार ओढता येत नाही. दमट हवेत खराबही होतं, आणि आपल्याकडे हवा दमटच. वीस वर्षं लागतील, तीस लागतील. कदाचित तार कधीच होणार नाही, दुसराच काही उपयोग निघेल. आज याचा काही उपयोग नाही, जनी."

"आज नाय तर नाय," जनी म्हणाली. "बगाया बरा वाटला. थांबा, शेजारणीला बोलावतंय. आजून वर हाय तवर बगू दे."

शेजारीण आली, तिची सासू आली, आणखी चार जणी आल्या. काशीरामने करवंटीत तीनदा नायट्रोजन घातला. शेवटी तो संपला, आणि वडी ऊन होऊ लागली तसं चुंबक हळूहळू खाली येत गेलं, आणि वडीवर टेकलं. जनीने सगळ्यांना कोकमाचं सरबत दिलं. परतताना मालिनीबाईंच्या साडीला शेण लागलं होतं आणि मांडीवर रिकामा कॅन होता. नाचणे गावाच्या उतारावर त्या गुणगुणत होत्या. काशीराम आरशात पाहून हसला.

डिसेंबरात कॉलेजात रीतसर प्रयोग ठेवला. फळ्यावर मालिनीबाईंनी दोन नावं लिहिली: प्रा. मालिनी खेर आणि श्री. काशीराम मांडवकर. काशीरामने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. तो म्हणत होता, मी कॅन देऊन मागे बसतो. मालिनीबाई म्हणाल्या, "मला ओततानाही भीती वाटते. तुम्ही नसलात तर नाही व्हायचं."

सभागृह भरलं होतं, प्राचार्य पुढच्या रांगेत. काशीरामने आधी जास्वंदीचं फूल बुडवून टेबलावर आपटलं; काचेसारखा चुरा झाला. मग रबराची नळी मोडून दाखवली. मग म्हणाला, "हे हातावर सांडलं तर घाबरू नका, थेंब आपोआप पळतो. पण कपड्यात अडकलं तर मात्र कातडी सोलते. म्हणून हातमोजे ढगळ घालायचे, झटकन काढता यावेत."

"सर," मागून एका मुलीने विचारलं, "हे इथे कशासाठी वापरतात?"

काशीरामने मागे वळून पाहिलं. सर म्हणजे कोण, हे त्याच्या लक्षात यायला क्षण लागला. मग त्याने सांगितलं, गायींसाठी. बाकांवर खसखस पिकली. मुलगे एकमेकांना कोपरं मारू लागले. प्राचार्यांनी घसा खाकरला.

काशीराम थांबला. हसणं ओसरू दिलं. "हसा," तो म्हणाला. "मीपण पहिल्या दिवशी हसलो होतो. पण बघा, माझ्या टाकीत एका बैलाच्या नळ्या आहेत. तो बैल चार वर्षांपूर्वी मेला. त्याची वासरं लांज्याला या उन्हाळ्यात जन्मली. आई नाही बघितलेली त्याने त्यांची, आणि त्यांनी बाप. मधली चार वर्षं तो या थंडीत होता. यापेक्षा मोठी गोष्ट मी तरी दुसरी बघितली नव्हती. आता मॅडम दाखवतील ती दुसरी."

कोणी हसलं नाही. मालिनीबाईंनी वडी पुढे ओढली. चुंबक तरंगलं तेव्हा मागच्या रांगा उठून पुढे आल्या, आणि प्राचार्यही खुर्ची सोडून टेबलाशी वाकले. त्यांनीही विचारलं, उपयोग काय. मालिनीबाईंनी जनीला दिलं तेच उत्तर दिलं, शब्दही फारसे बदलले नाहीत. प्राचार्यांचं समाधान झालं की नाही कळलं नाही, पण रसायनशास्त्राची भट्टी दुरुस्त करायच्या अर्जावर त्यांनी दुसऱ्या दिवशी सही केली. विठूभाऊंनी ती बातमी फारशा उत्साहाने ऐकली नाही. त्यांना भट्टीचा स्वभाव आता पाठ झाला होता.

जानेवारीत मालगुंडच्या शाळेचं बोलावणं आलं. नायट्रोजनच्या गाडीचा दिवस बघून काशीरामने एक दिवसाची रजा टाकली आणि दोघं सकाळच्या एस.टी.ने गेले. कॅनसाठी कंडक्टरने अर्धं तिकीट लावलं. शाळेच्या अंगणात सातवीची पोरंपोरी गोल करून बसली होती. मास्तरांनी टेबल आणलं, वर थर्मोकोलचा कप.

काशीरामने ओतलं. मालिनीबाई वडी चिमट्याने सोडत होत्या तेवढ्यात 'टक्' असा बारीक आवाज झाला. त्यांनी खाली पाहिलं. वडी मधोमध दुभंगली होती. दमट हवेने ती आधीच पोखरली असणार. वाट पाहत असल्यासारखी फुटली.

मास्तर म्हणाले, "अरेरे."

मालिनीबाईंचा चेहरा क्षणभर उतरला. मग त्यांनी काशीरामकडे पाहिलं. तो कपात वाकून बघत होता.

"मॅडम, फुटलं म्हणून याचा गुण जातो का?"

"नाही." त्यांचा आवाज बदलला. "नाही जाणार. तुकडा लहान झाला, एवढंच."

काशीरामने एक तुकडा कपात ठेवला, दुसरा बाहेर काढला. मालिनीबाईंनी चुंबक सोडलं. ते तरंगलं. अंगणात एकदम गलका झाला. मग दुसरा तुकडा ठेवून पाहिला, त्याच्यावरही तरंगलं.

"कुठल्यावर जास्त वर हाय?" पहिल्या रांगेतल्या एका वेणीवाल्या मुलीने विचारलं.

मालिनीबाईंनी डोळे बारीक करून पाहिलं. सांगता येईना. "कसं मोजायचं?" त्यांनी उलट विचारलं. मग तीच मुलगी म्हणाली, वहीचे कागद सरकवायचे. मास्तरांनी जुनी वही फाडली, कागदाच्या बारीक पट्ट्या केल्या. मुलगी टेबलापाशी आली. काशीरामने तिला एकेक पट्टी लाकडी चिमट्याने खालून सरकवायला शिकवलं, हात कसा आडवा ठेवायचा, वाफ तोंडावर आली तर कसं थांबायचं.

"एक," मुलं म्हणाली. "दोन. तीन."

पहिल्या तुकड्यावर चौदा पट्ट्या मावल्या, दुसऱ्यावर अकरा.

"परत मोजा," काशीराम म्हणाला, आणि कपात आणखी थोडा नायट्रोजन ओतला. "एकदा मोजलं ते मोजलं नव्हे."

मालिनीबाई मुलांच्या मागे जाऊन बाकावर बसल्या. समुद्राकडून वारा येत होता, मुलं पुन्हा एकपासून सुरुवात करत होती, आणि त्याही त्यांच्याबरोबर मोजू लागल्या.